तिचं काळीज जळतंय, लिव्हर नव्हे

पत्र

ताई,

मी चौतीस वर्षांची, मूळची साताऱ्याची. सात वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहते. एचआरमध्ये नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी लाइफ कोचिंगचा कोर्स केला आणि इथल्या एका स्वयंसेवी गटातर्फे निर्वासित बायकांना कोचिंग द्यायला लागले. सीव्ही, नोकरी, आत्मविश्वास वगैरे.

मार्चपासून एक यझिदी तरुणी माझ्याकडे येते. यझिदी म्हणजे कुर्दी बोलणारा, स्वतःचा वेगळा धर्म असलेला एक छोटा समाज. इराकमधल्या सिंजारची, सव्वीस वर्षांची. वडील आणि दोन भाऊ २०१४ पासून बेपत्ता. ती स्वतः काही महिने आयसिस या दहशतवादी संघटनेच्या कैदेत होती. इथे राहण्याच्या तिच्या अर्जाचा निर्णय अजून लागलेला नाही. तिचा बारा वर्षांचा पुतण्या आमच्यात भाषांतर करतो. ‘तुझं ध्येय काय?’ विचारलं की ती गप्प होते. सारखं लिव्हर जळतंय म्हणते. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, काही निघालं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडून कोर्समध्ये शिकवलेला कल्पनेचा व्यायाम करून घेतला. डोळे मीट, तू एका उंच डोंगराच्या माथ्यावर उभी आहेस, खाली तुझं पुढचं आयुष्य पसरलंय. ती थरथर कापायला लागली. मी हात धरला तर झटकला. कोपऱ्यात जाऊन बसली आणि वीस मिनिटं मला ओळखेना. पुढच्या आठवड्यात आली ती डोल्म्याचा, म्हणजे पानांत गुंडाळलेल्या भाताचा, डबा घेऊन, जणू काही झालंच नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. मी तिचं बिघडवलं का? थांबू का? की एकदाचं सगळं बोलायला लावू, म्हणजे आत साचलेलं बाहेर पडेल? माझ्या सर्टिफिकेटसाठी लागणाऱ्या तासांत या भेटीही धरल्या आहेत, त्याची आता लाज वाटते.

– एक अस्वस्थ सातारकर

उत्तर

प्रिय सातारकर,

आधी सगळ्यात घाईचं सांगते. थांबू नकोस. आणि ‘एकदाचं सगळं बोलायला लाव’ हे मनातून काढून टाक. बाकीचं सावकाश बोलू.

तू साताऱ्याची. डोळ्यांपुढे अजिंक्यतारा घेऊन वाढलेली मुलगी. डोंगराचा माथा म्हटलं की तुला वारा आठवतो, खाली दिव्यांनी भरलेलं गाव आठवतं, डब्यातली पोळीभाजी आठवते. तिचा डोंगर वेगळा आहे. ३ ऑगस्ट २०१४ रोजी पहाटे आयसिसने सिंजारवर हल्ला केला, तेव्हा यझिदी लोक हाती लागलं ते घेऊन सिंजारच्याच डोंगरावर पळाले. हजारो माणसं त्या उघड्या डोंगरावर दिवसेंदिवस अडकून पडली होती. ऑगस्टचं ऊन, पाणी नाही, सावली नाही. लेकरं तहानेने आईच्या मांडीवर गेली. हेलिकॉप्टरमधून पाणी टाकलं जात होतं. शेवटी सीरियातल्या कुर्दी लढवय्यांनी वाट मोकळी करून दिली, तेव्हा माणसं खाली उतरू शकली. ज्यांना डोंगर गाठता आला नाही, त्यांचं काय झालं ते तू वाचलं असशील. सहा हजारांहून जास्त बायका-मुलं पळवून नेली आणि त्यांतली अडीच हजारांच्या आसपास आजही सापडलेली नाहीत.

आता तुझ्या व्यायामाची तारीख बघ. ऑगस्टचा पहिला आठवडा. तू तिला डोळे मिटायला लावलेस आणि त्याच दिवसांत त्याच डोंगरावर नेऊन उभं केलंस. यात तुझा हेतू वाईट नव्हता, आणि तो डोंगर तुला माहीत असणं शक्य नव्हतं असंही मी म्हणणार नाही, कारण माहीत करून घेता आलं असतं. ज्या माणसाबरोबर आपण दर आठवड्याला तासभर बसतो, त्याच्या गावाचं नाव नकाशावर शोधणं, त्या गावावर काय गुदरलं ते वाचणं, हे त्याला काहीही न विचारता करता येतं. हे तू आता कर. १५ ऑगस्ट ही तारीखही लिहून ठेव. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन असतं. २०१४ साली त्याच दिवशी सिंजारजवळच्या कोचो गावातल्या पुरुषांना गोळ्या घातल्या आणि बायकांना नेलं.

‘बिघडवलं का?’ याचं उत्तर: त्या दिवशी तिला त्रास झाला, खरंच झाला, पण ती त्यामुळे मोडलेली नाही. तिला जे झालं ते असं. आठवणीत आणि आठवणीत फरक असतो. एक आठवण आपण काढतो, ‘तेव्हा असं झालं होतं’ म्हणतो आणि मिटून ठेवतो. दुसरी आपल्यावर येऊन कोसळते, आणि ती कोसळते तेव्हा ‘तेव्हा’ उरतच नाही, सगळं ‘आत्ता’च घडत असतं. तुझी खोली, तुझा चेहरा, स्टुटगार्ट, सगळं पुसलं गेलं होतं. म्हणून तिने तुला ओळखलं नाही. म्हणून तुझा हात तिला तुझा वाटला नाही. अशा वेळी स्पर्श करायचा नाही. थोडं लांब बसायचं आणि शांत आवाजात नाव, जागा, वार सांगत राहायचं: ‘मी अमुक, आपण स्टुटगार्टमध्ये आहोत, आज मंगळवार, दार उघडं आहे.’ डोळे उघडे ठेवायला सांगायचं, पाय जमिनीवर टेकवायला सांगायचं, हातात गार पाण्याचा पेला द्यायचा. आणि यापुढे तिच्यासाठी डोळे मिटायचा एकही व्यायाम नको.

पुढच्या आठवड्यात ती परत आली, तेही डबा घेऊन. हा डबा मला तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. त्याच्याकडे परत येणार आहे, पण त्याआधी लिव्हर.

मटणाच्या दुकानात आपण ‘पाव किलो काळीज द्या’ म्हणतो, तेव्हा खाटीक काय देतो? लिव्हरच देतो. आणि ‘काळीज तुटतं’, ‘काळजाला घरं पडली’, ‘काळजाचा तुकडा’ म्हणतो, तेव्हा आपण सोनोग्राफीबद्दल बोलत नसतो. कुर्दी भाषेतही तसंच आहे. यकृत जळतंय म्हणजे दुःख सहन होत नाही, आपलं माणूस गेलं. जर्मनीत यझिदी बायकांवर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी हे नोंदवून ठेवलं आहे, कारण सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांचाही तुझ्यासारखाच गोंधळ झाला. ती गेले सहा महिने तुला सरळ सांगतेय की माझं काळीज जळतंय. पुतण्या बिचारा शब्दाला शब्द ठेवतो आणि तुझ्यापर्यंत पोचतं ते लिव्हर. तपासण्या केल्या ते चांगलंच झालं, शरीराचं दुखणं मनावर ढकलून देऊ नये. पण आता पुढच्या वेळी ती असं म्हणाली, तर डॉक्टरांची चिठ्ठी मागण्याऐवजी एवढंच म्हण: ‘आमच्या भाषेतही काळीज जळतं.’ मराठी बाईला हे वाक्य जसं उच्चारता येईल, तसं जर्मन बाईला येणार नाही.

आणि त्या पुतण्याला या कामातून आजच मोकळं कर. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून आत्याच्या कैदेबद्दल काही विचारणं हे त्याच्यावरही ओझं आहे आणि तिचंही तोंड बंद करणारं आहे. त्याच्यासमोर ती खरं काय सांगणार? प्रौढ बाई दुभाषी हवी, आणि तिची कुर्मांजी, म्हणजे कुर्दीची बोली, बोलणारी हवी. ‘इराकची आहे म्हणजे अरबी चालेल’ असं गटातलं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. तिला कैदेत ठेवणाऱ्यांची भाषा बहुतेक अरबी होती. दोष भाषेचा नाही, पण कानाला ते कळत नाही. दुभाषी कोण असेल हे तिला आधी सांग, आणि ‘नको’ म्हणायची मुभा दे. छोट्या गावात दुभाषी बाई तिच्या नातेवाइकांच्या ओळखीची निघू शकते, म्हणून हे विचारणं फार गरजेचं.

आता तुझा तो प्रश्न, की बोलून मोकळं करावं का. आपल्याकडे ही समजूत खोल रुजलेली आहे. गळू फोडलं की बरं वाटतं, तसं रडलं की हलकं वाटतं. मीही याच समजुतीने एकदा गेले होते. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीची रात्र सरताना किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी आठवड्याभरात तिथे पोचलो, वह्या घेऊन. एका पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी बसलेली. घरातली पाच माणसं गेलेली. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि म्हटलं, आजी, काय झालं ते सांगा, मन मोकळं करा. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काल आलेल्या पोरींलाबी सांगितलं. परवाच्यांलाबी. रोज रोज मढी उकरू का, बाई?’ मला वर बघवेना. मग तिनेच मदतीत आलेल्या तांदळाचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, खडे लई हायेत. आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा निवडत बसलो. तिसऱ्या दिवशी तांदळाकडे बघत बघत ती आपणहून नातीबद्दल बोलली, नातीच्या वेणीबद्दल. मी वही काढली नाही.

पुढे शास्त्रानेही तेच सांगितलं. संकटातून नुकत्याच गेलेल्या माणसाला एका बैठकीत सगळं तपशीलवार बोलायला लावण्याची पद्धत जगभर वापरली गेली आणि मग नीट तपासल्यावर दिसलं की तिने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतोही. जागतिक आरोग्य संघटना आता असं करू नका म्हणून सांगते. आठवणींवर काम करणारे उपचार आहेत, चांगले आहेत, पण ते प्रशिक्षित माणसाने, ठरावीक क्रमाने, अनेक बैठकांत करायचे असतात. त्यांतला एक तर तुझ्या शेजारी, कॉन्स्टान्झ विद्यापीठात घडला. जमिनीवर एक दोरी पसरतात, जन्मापासून आजपर्यंतचं आयुष्य म्हणून. चांगल्या प्रसंगाच्या जागी फूल, वाईटाच्या जागी दगड. मग थेरपिस्टबरोबर एकेक प्रसंग क्रमाने सांगत जायचा, म्हणजे कोसळणाऱ्या आठवणीला तिची तारीख आणि जागा मिळते. युगांडातल्या छावणीत सुदानी निर्वासितांबरोबर तो तपासला गेला. ईएमडीआर नावाचा, डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारा, दुसरा उपचार आहे. हे वाचून स्वतः दोरी आणि दगड घेऊन बसू नकोस, एवढं मात्र मनापासून सांगते. जर्मनीत ‘कोच’ ही पाटी कुणीही लावू शकतं, उपचार मात्र परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि तो कायदा तिच्यासारख्या माणसांच्या रक्षणासाठीच आहे.

म्हणून पहिलं काम: तिला तज्ज्ञापर्यंत पोचव. तुझ्या शहरात रिफ्यूजिओ स्टुटगार्ट हे निर्वासितांसाठीचं मानसोपचार केंद्र आहे, देशभरात अशी इतरही आहेत. यादी लांब असते, म्हणून नाव आजच नोंदव. तिचा अर्ज प्रलंबित आहे, म्हणजे पहिल्या ३६ महिन्यांत तिला वैद्यकीय मदत बहुतेक तातडीच्या आजारापुरतीच मिळते, थेरपीसाठी वेगळी मंजुरी मागावी लागते. हे अर्ज भरणं, फोन करणं, पाठपुरावा करणं तुला जमेल. एचआरमध्ये तू हेच करतेस. पण अर्जाच्या सुनावणीसाठी तिच्या मानसिक अवस्थेबद्दल स्वतः पत्र लिहून देऊ नकोस. तिथे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, कोचच्या पत्राचा उपयोग नाही, अर्धवट लिहिलेल्या मजकुराने नुकसान मात्र होऊ शकतं. ती जगायची इच्छा नाही असं बोलली, स्वतःला इजा करू लागली, रोज असं हरवायला लागली, तर यादीची वाट बघायची नाही. ११२ ला फोन.

तिची केस एकटीची आहे असं समजू नकोस. तुझ्याच राज्याने, बाडेन-व्युर्टेमबर्गने, २०१५ पासून कैदेतून सुटलेल्या सुमारे ११०० यझिदी बायका-मुलांना इराकमधून मुद्दाम आणून वसवलं. नादिया मुराद त्यांतलीच, जिला २०१८ साली शांततेचं नोबेल मिळालं. म्हणजे तुझ्या आसपासच्या गावांत अशा बायका, त्यांच्याबरोबर काम केलेल्या समाजसेविका, दुभाषी आहेत. त्यांना गाठ. तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, आणि तुझ्या मैत्रिणीलाही कुणी ‘आपलं’ भेटेल.

मग तू काय करायचंस? बरंच काही, आणि ते दुय्यम नाही.

तिच्यावर जे गुदरलं त्याचा गाभा बघ. तिचं शरीर, तिचा दिवस, ती कुठे झोपणार, तिला काय नावाने हाक मारली जाणार, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. आता इथेही, वेगळ्या रीतीने का होईना, दुसरेच ठरवताहेत. छावणीतली खोली, भाषेचा वर्ग, सुनावणीची तारीख. जर्मन संसदेने जानेवारी २०२३ मध्ये यझिदींवर झालं तो वंशसंहार होता असा ठराव केला, आणि त्याच वर्षापासून काही यझिदींना इराकला परत पाठवण्याच्या बातम्याही यायला लागल्या. ज्या बाईला पुढच्या वर्षी आपण या देशात असू की नाही हेच माहीत नाही, तिला ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस?’ विचारायचं? तिच्या गप्प बसण्याला तुझ्या कोर्समध्ये ‘विरोध’ किंवा ‘प्रेरणेचा अभाव’ म्हणायला शिकवलं असेल. मला ते गप्प बसणं अगदी शहाणपणाचं वाटतं.

तेव्हा ध्येय बाजूला ठेव आणि निवड दे. अगदी बारकी. कुठल्या खुर्चीवर बसायचं? दाराकडे तोंड करून की खिडकीकडे? दार उघडं ठेवू की लोटू? आज अर्धा तास की पाऊण? हे तू विचारायचंस आणि ती म्हणेल तसं करायचंस. पहिल्यांदा ती ‘तू सांगशील तसं’ म्हणेल. घाई करू नकोस, दोन्ही पर्याय पुन्हा ठेव. महिनाभराने ती न विचारता खुर्ची फिरवेल, तो दिवस वहीत लिहून ठेवण्यासारखा. मग आठवड्यातली एक गोष्ट निवडायची. ‘या आठवड्यात काय तुझ्या मनासारखं व्हावं?’ उत्तर येईल: बसने एकटीने बाजारात जायचंय. किंवा, शेजारच्या खोलीतला आवाज रात्री कमी व्हावा. हे प्रश्न तुला किरकोळ वाटतील. ते घे. कुठली बस, तिकीट कसं, भीती वाटली तर कुणाला फोन करायचा, पहिल्यांदा तू सोबत, दुसऱ्यांदा तू थांब्यावर, तिसऱ्यांदा ती एकटी. कोचिंगमध्ये तू जे शिकलीस ते इथे नेमकं उपयोगी पडतं: मोठी गोष्ट लहान तुकड्यांत मोडणं, पुढच्या वेळी विचारणं, जमलं नाही तर दोष न देणं.

हे मी मनाने सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने याच धर्तीवर ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ नावाचा कार्यक्रम २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. थेरपिस्ट नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या माणसांनी चालवायचा. पाच भेटी, प्रत्येकी दीड तास. सावकाश श्वास घेऊन ताण हलका करणं, सोडवता येण्यासारखी अडचण निवडून तिच्यावर काम करणं, सोडून दिलेली कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करणं, माणसं जोडणं. भूतकाळ उकरायचा नाही. पेशावरमध्ये, नैरोबीमध्ये तो तपासला गेला, नंतर सीरियन निर्वासितांबरोबरही. नुसती माहिती वाचून करू नकोस, प्रशिक्षण घे. तुझ्या गटाला सांग की आम्हाला हे शिकवा आणि आमच्यावर एक अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ नेमा, जिच्याशी दर पंधरा दिवसांनी बोलता येईल. गट नाही म्हणाला, तर अशा बायकांचं काम त्या गटाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तळमळ असून भागत नाही.

सगळ्या निर्वासितांना मोडलेली माणसं समजण्याची चूकही करू नकोस. संघर्षाच्या प्रदेशात कुठल्याही वेळी साधारण पाचातल्या एकाला मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे चौघांना नसतो. कैद भोगलेल्या बायकांत प्रमाण पुष्कळ जास्त, ते खरं. पण त्या चौघांना काय तारतं ते बघितलं की पाचवीलाही काय द्यायचं ते कळतं. तू साताऱ्याची, कोल्हापूरला शेकडो वेळा गेली असशील. तिथलं वळिवडे आठवतं? १९४३ ते १९४८ तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात टाकलं होतं, उपासमारीत माणसं गमावत इराणमार्गे ते इथे पोचले. तेव्हा ‘ट्रॉमा’ हा शब्द असा कुणी वापरत नव्हतं. पण छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते, नाटकं बसत होती. सकाळी उठून जायला जागा होती आणि नाव घेऊन हाक मारणारं कुणी होतं. म्हातारपणी त्यांतली काही कोल्हापूर बघायला परत आली, महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पोलिश गेले आणि फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं त्याच जागेत आली. त्याचं आज गांधीनगर झालं. तिथून तू कधी ना कधी कापड घेतलं असशीलच. मला सांगायचंय ते इतकंच की दिवसाला पुन्हा आकार येणं, कामाला हात लागणं, आपल्या माणसांत बसता येणं, हे उपचाराच्या आधीपासून माणसांना उभं करत आलं आहे.

यझिदींच्या बाबतीत याचं फार मोठं उदाहरण आहे. त्या समाजात धर्माबाहेरच्या पुरुषाशी संबंध आला की बाई कायमची बाहेर, असा नियम. कैदेतून सुटलेल्या मुलींना सगळ्यात मोठी भीती हीच होती की घरचे घेतील का. तेव्हा त्यांच्या सर्वोच्च धर्मगुरूंनी, बाबा शेख यांनी, जाहीर केलं की या आमच्या लेकी आहेत, यांना सन्मानाने घ्या. लालिश या त्यांच्या सगळ्यात पवित्र देवळातल्या झऱ्याच्या पाण्याने पुन्हा विधी करून त्यांना आत घेतलं. शतकांचा नियम बदलला. कैदेत जन्मलेल्या मुलांना मात्र तो समाज अजून सामावून घेऊ शकलेला नाही, आणि कित्येक आयांच्या काळजाला ती आणखी एक जखम आहे. म्हणून मुलांबद्दल तिला कधीही विचारू नकोस. मूल आहे का, होतं का, नको. सांगितलं तर ऐक.

बेपत्ता वडील आणि भाऊ. ‘आता पुढे जायला हवं’ हे वाक्य तुझ्या ओठांवर आलं असेल, कदाचित बोललीही असशील. आपल्याकडे माणूस गेलं की दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध असतं. दुःखाला कडेवर घेऊन चालायची वाट आखून दिलेली असते. तिला ती वाट नाही. जिवंत आहेत म्हणावं तर अकरा वर्षं फोन नाही, गेले म्हणावं तर देह नाही, आणि गेले असं मानणं म्हणजे आपणच त्यांना सोडून दिल्यासारखं. कोचोच्या सामूहिक कबरी उघडायला २०१९ उजाडलं, ओळख पटलेल्या पहिल्या १०४ जणांचं दफन २०२१ च्या फेब्रुवारीत झालं. तिच्या घरच्यांपैकी कुणाचा निरोप कधीही येऊ शकतो. असा निरोप आला तर त्या आठवड्यात सीव्ही-बीव्ही काही नको, तू फक्त तिच्याकडे जा.

आता डबा. तुझ्या भेटींत सहा महिने ती घेणारी आणि तू देणारी. डोल्म्याचा डबा हे तिने स्वतःहून, कुणी न सांगता केलेलं पहिलं काम असेल. आणि ते तिने कधी केलं? तुझ्यासमोर तोल गेल्यानंतर. तिला ते आठवतंय. लाज वाटतेय. ती तुझ्याशी नातं समतल करू बघतेय. ‘कशाला त्रास घेतलास’ म्हणू नकोस. खा, आणि कसं करतात ते विचार. जमलं तर एक भेट तिच्या स्वयंपाकघरात ठेव. पानं गुंडाळताना तिचे हात चालतील, डोळे खाली असतील, आणि बोलायचं असेल तर ती बोलेल. ती शिकवेल, तू शिकशील. तुझ्या हातचं भरलं वांगं तिला घेऊन जा पुढच्या वेळी.

सर्टिफिकेटच्या तासांबद्दल तुला लाज वाटली, म्हणून तुझ्याबद्दल मला काळजी कमी वाटते. ते तास काढून टाक. मार्चपासूनचे सगळे. तुझ्या कंपनीत पगार देऊन कोचिंग घेणारे लोक असतील, ते तास तिथे भर. तिची गोष्ट, नाव बदलूनही, सोशल मीडियावर ‘प्रेरणादायी’ म्हणून टाकायची नाही, गटाच्या कार्यक्रमात सांगायची नाही. तिच्या अनुभवावर दुसऱ्यांनी पुष्कळ मालकी गाजवली.

आणि तुझी झोप. अशा माणसांबरोबर काम करणाऱ्यांना हे होतं. त्यांची दृश्यं आपल्या स्वप्नात येतात, आपल्या घरात सुखाने जेवायचीही चोरी वाटते. मला किल्लारीनंतर वर्षभर पत्र्यावर पाऊस वाजला की जाग यायची. तुला दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा, तिच्याआधी. भेट आठवड्यातून एकदाच ठेव, वेळ ठरलेली, जागा ठरलेली. ‘रात्री केव्हाही फोन कर’ असं वचन दिलं असशील तर ते सौम्यपणे मागे घे आणि त्याऐवजी रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर तिला दे. तू एक दिवस दमून गायब होण्यापेक्षा ठरलेल्या तासाला दर आठवड्याला भेटणं तिच्यासाठी कितीतरी जास्त आहे. तिच्या आयुष्यातून माणसं न सांगता नाहीशी झाली आहेत. सुट्टीवर भारतात जाणार असशील तर तीन आठवडे आधी सांग, कॅलेंडरवर दाखव, परत कधी येणार त्या दिवसावर खूण कर.

पुढच्या भेटीत काय बोलायचं, ते विचारलं नाहीस, पण त्यावाचून तुला झोप येणार नाही असं वाटतं. तिच्या भाषेतली दुभाषी बाई मिळाल्यावर, पुतण्याशिवाय, हे बोल: ‘त्या दिवशी मी तुला डोंगरावर जायला सांगितलं. सिंजारच्या डोंगराबद्दल मी नंतर वाचलं. ते आधी वाचायला हवं होतं. मला माफ कर. तो व्यायाम पुन्हा होणार नाही. तुला काही सांगायची गरज नाही. नको वाटेल तेव्हा नुसता हात वर कर, मी थांबेन.’ एवढंच. रडू नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत घालत बसावं लागेल. मग खुर्च्यांकडे बोट दाखव, आणि कुठे बसायचं ते तिला ठरवू दे.

ती कुठे बसली, ते मला कळव.

तुझी,
ताई